वाळीत टाकणं हा गुन्हा आहे

श्रोतेहो, नमस्कार.

जातीबाहेर लग्न केलं, पंचांचा दंड भरला नाही, पंचायतीला डावलून कोर्टाची पायरी चढली, एवढ्यावरून आजही कुटुंबं वाळीत टाकली जातात. लग्नाचं बोलावणं बंद होतं, मयताला खांदा मिळत नाही. महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा लागू झाला, त्या ३ जुलै २०१७ पासून हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बहिष्काराच्या ठरावाला बैठकीत मत देणाराही यात सापडतो.

मुंबई प्रांताने असाच कायदा १९४९ साली केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द केला. धर्माच्या कारणावरून बहिष्कृत करणं हा पंथाचा स्वतःचा कारभार, असं बहुमताने मानलं. सरन्यायाधीश सिन्हांनी मात्र बहिष्कृताची अवस्था अस्पृश्यतेच्या जवळची मानली. माझ्या मते न्याय त्यांच्या बाजूला होता. २०२३ मध्ये हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला.

आपल्या संविधानाची उद्देशिका ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ म्हणते. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं पहिलं कलमही कोणत्याही देवाचं नाव न घेता हेच सांगतं. म्हणून आस्तिक, नास्तिक, कुठल्याही जातीधर्माचा माणूस यावर बोट ठेवून दाद मागू शकतो. त्यासाठी कुणाला श्रद्धा सोडावी लागत नाही.

आता तक्रारीचं. पीडित किंवा त्याच्या घरचं माणूस पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाऊ शकतं. प्रकरणं ढिली पडतात ती पुराव्यापाशी. हुकूम तोंडी असतो आणि साक्षीदार त्याच समाजातले, म्हणून घाबरलेले. तेव्हा पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा: बैठक कुठे, कोणत्या तारखेला, कोण पंच हजर होते, कुणी काय नाकारलं. दंडाची पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप, फोनचं रेकॉर्डिंग जपा, मूळ फोनसकट. अर्जात २०१६ च्या सामाजिक बहिष्कार विरोधी कायद्याचं नाव लिहा, नाहीतर नुसती भांडणाची अदखलपात्र नोंद होते, म्हणजे जिचा तपास पोलीस स्वतःहून करत नाहीत. गुन्हा दखलपात्र आहे. ठाण्यात नोंदवला नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा.

मग तडजोडीचा दबाव येतो. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी, दोन्ही असल्याशिवाय खटला मिटत नाही. गावातल्या कोऱ्या कागदावर सही करू नका. वसूल झालेला दंड न्यायालय पीडिताला देऊ शकतं, त्याची मागणी वकिलामार्फत जरूर करा.