मनगट वाकलं की मूठ मिटते

साल २०११. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात राहणाऱ्या आयव्हन ओवेनने स्टीमपंक (वाफेच्या यंत्रांच्या काळावर बेतलेल्या कल्पनारम्य वेशभूषेच्या) मेळाव्यात मिरवायला एक अवाढव्य धातूचा पंजा केला. तो हातावर चढवायचा. आत आपलं बोट वाकलं की दोरी ताणली जायची आणि बाहेरचं लांबलचक बोट वाकायचं. उपयोग? काही नाही. निव्वळ हौस.

त्याचा व्हिडिओ पोचला जोहान्सबर्गच्या रिचर्ड व्हॅन ॲसकडे. हा सुतार. त्याच वर्षी करवतीवर त्याची बोटं तुटली होती, आणि बाजारातली कृत्रिम बोटं खिशाला परवडणारी नव्हती. दोघांचं बोलणं सुरू झालं. पुढे एका आईने विचारलं, माझ्या पाच वर्षांच्या मुलाला जन्मापासून उजव्या हाताला बोटं नाहीत, त्याच्यासाठी काही होईल का?

आता आली खरी अडचण. पंजा चालायला आत बोट हवं. इथे बोटच नाही. मग दोरी ओढायची कुणी?

मनगटाने.

जरा हात सैल सोडा. मनगट वर उचला, म्हणजे हाताच्या मागच्या बाजूकडे वाकवा. बोटं आपोआप आत वळतात. मनगट खाली सोडलं की उघडतात. बोटं वाकवणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात, आणि त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटावरून पुढे जातात. मानेच्या मणक्याला मार लागून बोटांची हालचाल गेली, पण मनगट उचलता येतं, अशांसाठी हातावर बांधायचे आधार, म्हणजे स्प्लिंट, बनतात ते यावरच. मनगट वर, चिमूट बंद. ना मोटार, ना बॅटरी.

ओवेन आणि व्हॅन ॲसने केलेल्या ‘रोबोहँड’ या कृत्रिम हातामध्ये दिशा मात्र उलटी. मनगट खाली वाकवलं की दोऱ्या ताणल्या जातात, मूठ मिटते. सरळ केलं की इलॅस्टिक बोटं उघडतं. खरी कसोटी मनगटापाशी असलेल्या बिजागरीची. ती हाडाच्या सांध्यासमोर नेमकी बसली नाही, तर प्रत्येक हालचालीला पट्टा सरकतो आणि कातडी सोलवटते. घरी असं काही करणारे मोटारीच्या ताकदीची चिंता करतात. आमच्या मते आधी बिजागरीची करावी.

मेकरबॉट कंपनीने दोघांना एकेक थ्रीडी प्रिंटर, म्हणजे संगणकातल्या फाइलवरून प्लास्टिकची वस्तू घडवणारं यंत्र, दिला. जानेवारी २०१३ मध्ये आराखडा सर्वांसाठी खुला झाला. मूल वाढलं, हात घट्ट झाला, की फाइलमधलं माप वाढवायचं आणि पुन्हा छापायचं. अट एकच, मनगट चांगलं वाकणारं हवं.