स्क्रॅपबुक सुरू करताय? कात्रीआधी पेन हातात घ्या

नमस्कार मंडळी!

(दोन तिकिटं कॅमेऱ्याजवळ)

हा कोरा दिसणारा कपटा म्हणजे एसटीचं तिकीट आहे, कंडक्टरच्या मशीनमधून निघालेलं. या कागदावर शाई नसतेच. त्याला उष्णतेनं काळा पडणारा लेप दिलेला असतो, आणि ऊन लागलं, उकाड्यात राहिलं किंवा प्लास्टिकच्या पाकिटात दडपलं की अक्षरं उडून जातात. आणि हे दुसरं बघा, जुन्या तिकीटपेटीतलं. पातळ कागद, कंडक्टरनं पाडलेलं भोक, पण आकडे आजही वाचता येतात.

स्क्रॅपबुकचा, म्हणजे फोटो, तिकिटं, कात्रणं वहीत लावून नोंदीसह जपण्याचा छंद लागला की प्रत्येक कागदाकडे आपण असंच बघायला लागतो. हे टिकेल का? आणि टिकलं, तर बघणाऱ्याला काही कळेल का? मला या छंदात हे दोनच प्रश्न महत्त्वाचे वाटतात. लेस, स्टिकर, चमकी हे सगळं नंतर.

छंद तसा जुना आहे. लेखक मार्क ट्वेन यांनी 1873 मध्ये स्क्रॅपबुकचं पेटंट घेतलं होतं. पानांवर आधीच गोंदाच्या पट्ट्या असायच्या, ओल्या केल्या की कात्रण चिकटायचं. आज आपण ज्या पद्धतीनं करतो, म्हणजे फोटो, आठवणींचे कागद आणि हातानं लिहिलेली नोंद, त्या पद्धतीला अमेरिकेतल्या युटा राज्यातून मोठी चालना मिळाली. 1980 मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या एका जागतिक परिषदेत मेरिएलेन क्रिस्टेन्सन यांनी आपल्या कुटुंबाचे अल्बम मांडले होते. ती परिषद वंशावळी आणि जुन्या नोंदींची होती, हस्तकलेची नव्हती! मला हे फार आवडतं, कारण स्क्रॅपबुकचं मूळ काम नोंद ठेवण्याचंच आहे.

आता सामान. कागद घेताना दुकानदाराला 'ॲसिड-फ्री', म्हणजे आम्ल नसलेला, हवा म्हणून सांगा, आणि जाडीसाठी 200 जीएसएमच्या आसपास बघा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). वर्तमानपत्र पिवळं का पडतं? त्यात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य तसंच राहिलेलं असतं, आणि उजेड-हवेनं त्याचं आम्ल होत जातं. त्या कात्रणाला चिकटून ठेवलेला फोटोही मग डागाळतो. म्हणून कात्रणाची, आणि अक्षरं उडायच्या आत मशीनच्या तिकिटाची, चांगल्या कागदावर झेरॉक्स काढा आणि ती लावा. आपल्याकडचा सुती हातकागद या कामाला उत्तम, कारण कापसात लिग्निन जवळजवळ नसतंच. पुण्यात शिवाजीनगरला 1940 पासूनची हातकागद संस्था आहे. तिथला कागद एकदा हातात घेऊन बघा, त्याचा पोतच वेगळा आहे. बाकी सामानासाठी पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट.

सेलोटेप मात्र अजिबात नको. काही वर्षांत पट्टी सुटते आणि तिचा पिवळा चिकट डाग कागदात मुरून बसतो. फेव्हिकॉलसारख्या ओल्या गोंदानं पान सुरकुततं. फोटोला कोपरे लावा, फोटो कॉर्नर मिळतात, म्हणजे फोटोला गोंद लागतच नाही आणि कधीही बाहेर काढता येतो.

आता मुख्य गोष्ट.

(पान कॅमेऱ्याजवळ)

हे माझ्या मावशीच्या लग्नाचं पान. वर पत्रिका, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' वगैरे, हळदीचं बोट अजून दिसतंय बघा इथे. खाली मांडवातला फोटो. या फोटोत अगदी मागे टोपी घातलेला एक माणूस आहे. घरात कुणी म्हणे हे नवऱ्याकडचे, कुणी म्हणे आपलेच लांबचे काका. शेवटी फोटो घेऊन मावशीकडेच गेले. ती लगेच म्हणाली, "अगं, ते आपले आचारी! फोटोला यायला तयारच नव्हते. हात ओले आहेत म्हणाले. तुझ्या आजोबांनी हाताला धरून आणलं त्यांना." आता परत बघा. उजवा हात त्यांनी पंच्यात गुंडाळलेला आहे.

हे वाक्य मी फोटोखाली जसंच्या तसं लिहिलंय, मावशीच्या शब्दांत. 'मावशीचं लग्न, खूप मजा आली' असं लिहून भोवती फुलं चिकटवली असती, तर पान सुंदर दिसलं असतं आणि आचारी कायमचे हरवले असते. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, घरात वडीलधारी माणसं असतील तर आधी त्यांच्याजवळ फोटो घेऊन बसा. ती बोलतील तसं फोनवर रेकॉर्ड करा. सजावटीचं सामान पुढच्या महिन्यात आणलं तरी चालेल, हे काम तेवढं थांबवू नका.

लिहिताना नावं पूर्ण लिहा. 'बाळूकाका' कोण ते तुमच्या नातीला कळणार नाही. गाव लिहा, साल लिहा, साल नक्की नसेल तर 'सुमारे' म्हणा. पेन पिगमेंट शाईचं, म्हणजे बारीक रंगकण असलेल्या शाईचं घ्या, ती सहज फिकी पडत नाही. फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलनं, हलक्या हातानं. बॉलपेन दाबलं की पुढच्या बाजूला वळ उठतात.

सुरुवात छोटी ठेवा. सगळ्या घराचा इतिहास काढायला बसू नका, एकच लग्न घ्या, एकच सहल, आजीचा एकच पत्रव्यवहार. तिच्या आंतरदेशीय पत्रांना तर हात लावताना जपा. ती घडीवर फाटतात, म्हणून पुन्हा पुन्हा घडी घालू नका, उघडी करून पारदर्शक पाकिटात ठेवा. प्लास्टिकचे प्रकार असतात, पाकीट पॉलिप्रॉपिलीनचं हवं, पीव्हीसीचं नको. पीव्हीसी फोटोला चिकटतं.

आणि आपला पावसाळा! कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांनी तर नीट ऐका. अल्बम बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, तिथे ओल येते, ओलीमागून बुरशी आणि कसर. आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सावलीत पानं उघडून एकदा बघून घ्या.

ज्यांच्याकडे ते चिकट पानांचे, वर प्लास्टिकची फिल्म असलेले जुने अल्बम आहेत, त्यांनी त्यातले फोटो ओढून काढू नका, फाटतील. दात साफ करायचा फ्लॉस वापरून ते अलगद कसे सोडवायचे, ते पुढच्या व्हिडिओत करूनच दाखवते.