आबांची चिठ्ठी

नमस्कार मंडळी. मला आज दहा मिनिटं दिलीत आणि विषय दिलाय 'आठवणीतला माणूस'. मी लगेच हो म्हटलं, कारण माणूस तयारच होता. आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा. जाऊन दोन वर्षं झाली. फौजी माणूस, नंतर शेतकरी, आणि आजीच्या शब्दात सांगायचं तर घरकोंबडा. ती म्हणायची, सोळा वर्षं मिल्ट्रीत काढली पण माणूस मुळात घरकोंबडा, कुठं गेला की पहिलं परत कधी यायचं ते बघणार.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं. सातारा जिल्ह्यात फौजी काही नवा नाही, आमच्याकडं एका गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी आहे, पहिल्या महायुद्धात त्या एकट्या गावाचे ४६ जण कामी आले. त्यामुळं आबा १९६० साली भरती झाले तर गावात कुणाला विशेष वाटलं नाही. बेळगावला ट्रेनिंग, मराठा लाइट इन्फंट्री, पलटण १ मराठा. हिला जंगी पलटण म्हणतात, १७६८ सालची. लक्षात ठेवा, जंगी पलटण, पुढं लागणार आहे.

घरकोंबडा का, ते एका गोष्टीत सांगतो. आजीला लिहिता येत नव्हतं. शेजारचा शाळेतला पोरगा पत्र लिहून द्यायचा, पण पत्राच्या खाली आजी स्वतः एक काम करायची, आत्याचा पाय कागदावर ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरवायची. तो पाय आबांना पोस्टानं जायचा, आबा त्या मापाचे बूट घेऊन सुट्टीला यायचे, आणि बूट दरवर्षी लहान व्हायचे कारण तोवर पाय वाढलेला असायचा. दरवर्षी! एवढा पलटणीतला माणूस, पण एक माप मोठं घ्यावं हे डोक्यात आलं नाही. आजी म्हणायची आलं असंल, पण कागदावर पाय जेवढा दिसतोय तेवढाच त्यांना खरा वाटायचा.

दुष्काळात, म्हणजे ७२ च्या, आबा रजेवर आले तेव्हा आजी दुष्काळी कामावर खडी फोडत होती. नुकतंच बांगलादेशचं युद्ध जिंकून आलेले, 'पूर्वी स्टार' नावाचं त्या युद्धाचं पदक मिळालेलं. ते पदक ट्रंकेत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी आबा पण खडी फोडायला. बास, याच्यावर ते जास्त बोलायचे नाहीत, मी पण बोलत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. खरं सांगायचं तर ही सांगायला मिळावी म्हणूनच मी आलोय.

आबांना युद्धातली एकच गोष्ट सांगायला आवडायची, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरची. डिसेंबर १९७१. जमालपूरला पाकिस्तानची ३१ बलुच पलटण अडकली होती आणि मागं ढाक्याकडं जाणारा रस्ता जंगी पलटणीनं अडवलेला. आपल्या ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी ९ तारखेला एक चिठ्ठी पाठवली, की तुम्ही वेढले गेलाय, शरण या. चिठ्ठी घेऊन गेला एक बंगाली मुक्तियोद्धा. वयस्कर माणूस, शत्रूच्या छावणीत एकटा. आणि उत्तर काय आलं? त्यांचा कर्नल सुलतान अहमद, त्यानं उलट चिठ्ठी पाठवली की पेन तुम्ही छान चालवता, आता स्टेनगन हातात घेऊन भेटा. आणि त्या चिठ्ठीत गुंडाळलेली एक गोळी. चिठ्ठीत गोळी! इथं आबा थांबायचे आणि बिडी पेटवायचे. मग पुढचं, ११ तारखेच्या पहाटे ते फोडून बाहेर निघायला गेले आणि थेट मराठ्यांच्या मोर्च्यावर आले, सकाळी जमालपूर पडलं, १६ ला ढाका. हे पुढचं आबा भराभर सांगून टाकायचे, त्यांचा जीव त्या चिठ्ठीवाल्या म्हाताऱ्यात. म्हणायचे, आमच्या हातात बंदूक होती रे, त्याच्या हातात नुसता कागद.

तर १९८८. मी नऊ वर्षांचा. आमचा बांधाचा वाद होता भावकीत. आबांचे थोरले चुलतभाऊ, त्यांना आपण नाना म्हणूया. नाना दरवर्षी नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, जास्त मारायचे. एक तास म्हणजे वीतभर, पण दरवर्षी वीतभर! ज्या बांधावरनं पूर्वी बैलजोडी जायची तिथनं आता कोंबडी गेली तरी तोल जाईल अशी गत. आणि वरनं नानांनीच वकिलाची नोटीस पाठवली, रजिस्टर पोस्टानं, की अतिक्रमण आबांनी केलंय. घरात भडका उडाला. वडील, चुलते सगळे काठ्याच बघायला लागले. आबांनी चष्मा लावून नोटीस दोनदा वाचली आणि बोलले काय, तर जमालपूर! सगळं पहिल्यापासून. चिठ्ठी, म्हातारा, गोळी. चुलते ओरडले, आबा आता नको ते. आबांनी बिडी पेटवली.

मग वहीचा कागद फाडून काहीतरी लिहिलं, आत गेले, आले तेव्हा कागद गुंडाळलेला आणि दोऱ्यानं बांधलेला. मला म्हणाले, जा, नानाला देऊन ये.

मी हातात घेतलं तर आत काहीतरी टणक. गोल, टणक. मला कळलंच की गोळी आहे. दुसरं काय असणार? नानांचं घर पाच मिनिटांवर, मी अर्धा तास लावला. देवळापाशी बसलो, परत उठलो. टाकून द्यावं वाटलं, पण तो बंगाली म्हातारा डोळ्यासमोर, त्यानं टाकली नव्हती.

नाना ओसरीवर बसले होते. दोरा सोडला. आतनं निघाली सुपारी.

अख्खी सुपारी. कागदावर लिहिलेलं, "दादा, नोटीस पोचली. रविवारी पोरीची सुपारी फोडायची आहे. भावकीत थोरले तुम्ही, तुमच्या हातानं फुटू द्या. बांधाचं नंतर."

(सुपारीचा अर्थ आता लोकांनी पार बिघडवून टाकलाय, पेपरात सुपारी वाचलं की खूनच आठवतो. आणि निमंत्रण तर काय, मोबाईलवर पत्रिका ढकलायची नि खाली 'हेच आग्रहाचं निमंत्रण समजावे'. मी असल्या लग्नाला जात नाही, घरचे कितीही बोलले तरी.)

नानांनी सुपारी तळहातावर बराच वेळ फिरवली. मग मला म्हणाले, "घाम का आलाय रं तुला?" मी सांगितलं, मला वाटलं गोळी आहे. नाना एवढं हसले की आतनं नानी पळत बाहेर आली.

रविवारी नाना फेटा बांधून आले, आत्याची सुपारी त्यांनीच फोडली, पोटभर जेवले. नोटीशीचं पुढं काही झालं नाही. आता तुम्ही म्हणाल बांधाचं मिटलं. कुठलं मिटतंय! पुढच्या पावसाळ्यात नानांनी परत एक तास जास्त मारलाच. फक्त मारून झाल्यावर चहाला आमच्याकडं आले.

आता आबा नाहीत, नाना नाहीत. गेल्या वर्षी आम्ही पोरांनी ठरवून सरकारी मोजणी आणली, एकदाचं काय ते होऊ दे म्हणून. मोजणीवाल्यानं खुणा केल्या, दोन्हीकडची माणसं उन्हात उभी. निघालं काय, तर बांध मुळातच नानांच्या रानात दोन फूट आत होता. म्हणजे नोटीस बरोबर होती. नानांचे सगळे जास्तीचे तास बरोबर होते!

मी घरी येऊन आजीला विचारलं, आबांना हे माहीत होतं का? आजी शेंगा फोडत होती. म्हणाली, "सुपारी सगळ्यात मोठी बघून दिली हुती त्यांनी, डब्यातली. एवढंच मला ठावं हाय."

नमस्कार.