पाइपलाइनची फाइल कमिट करण्यापूर्वी

मित्रहो,

बिल्ड पाइपलाइनच्या, म्हणजे कोड आपोआप बांधून, तपासून पुढे चढवणाऱ्या यंत्रणेच्या (सीआय), कॉन्फिगरेशनमध्ये केलेला बदल तपासण्याची आपल्याकडची सर्वांत रूढ रीत अशी आहे की फाइल बदलायची, कमिट करायची, पुश करायची आणि सर्व्हरवर काय होते ते पाहत बसायचे. पाइपलाइन लाल झाली की एक ओळ दुरुस्त करून पुन्हा पुश करायचे. कोणतीही जुनी रिपॉझिटरी उघडली तर तिच्या इतिहासात 'सीआय दुरुस्ती', 'पुन्हा सीआय दुरुस्ती' अशा संदेशांच्या कमिटची रांग सापडते. मूळ कोडच्या बाबतीत आपण असे वागत नाही. तिथे कंपायलर, लिंटर (कोडमधल्या चुका हुडकणारे साधन) आणि चाचण्या आपल्याच मशीनवर चालवून मगच कोड पुढे पाठवतो. पाइपलाइनची फाइलसुद्धा कोडच आहे, आणि डिप्लॉयमेंटचे टोकन व पासवर्ड तिच्याच हाती असल्यामुळे तिच्यातली चूक अधिक महागात पडू शकते. सगळ्यांच्या वाट्याचे रनर (पाइपलाइनची कामे चालवणारी मशीन) आपल्या चाचपडण्यासाठी अडवून ठेवणे हाही सहकाऱ्यांवर अन्यायच आहे.

आज बहुतेक सेवांसाठी कमांड लाइनवरून तपासणी करण्याची साधने उपलब्ध आहेत. त्यांची ओळख करून देणे हा माझा एक हेतू आहे. पण त्याहून महत्त्वाचे मला जे सांगायचे आहे ते असे की, या साधनांकडून 'फाइल वैध आहे' एवढे उत्तर घेऊन थांबू नये. सगळे समावेश, साचे आणि वारसा उलगडल्यानंतर सर्व्हर ज्या अंतिम स्वरूपावर काम करणार आहे ते स्वरूप छापून घ्यावे आणि बदलापूर्वीच्या अंतिम स्वरूपाशी ओळीने ओळ ताडून पाहावे.

'वैध' या उत्तराने समाधान का मानू नये, हे कळण्यासाठी प्रत्येक साधन नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते ते पाहावे लागते. यॅमललिंट हे साधन फाइल यॅमल (नाव-मूल्यांच्या जोड्या लिहिण्याचे मजकुराचे स्वरूप) म्हणून वाचता येते का ते पाहते: इंडेंटेशनमध्ये टॅब आला आहे का, एकच नाव दोनदा आले आहे का. ही दुसरी तपासणी क्षुल्लक समजू नका. एकाच नावाचे दोन जॉब (पाइपलाइनमधली एकेक कामे) लिहिले गेले तर अनेक पार्सर (फाइल वाचून तिचा अर्थ लावणारे प्रोग्राम) काहीही न बोलता शेवटचा ठेवतात आणि पहिला टाकून देतात. यॅमलच्या २००५ सालच्या १.१ आवृत्तीत 'येस', 'नो', 'ऑन', 'ऑफ' हे शब्द अवतरणचिन्हांविना लिहिले तर ते खरे-खोटे या मूल्यांत बदलतात. २००९ च्या १.२ आवृत्तीने हा नियम वगळला, तरी प्रचलित पार्सरपैकी कित्येक अजून जुन्या नियमानेच वाचतात. त्यामुळे देशांच्या संकेतांच्या यादीत नॉर्वेचा 'एनओ' हा संकेत 'खोटे' होऊन बसतो. यॅमललिंट अशा शब्दांवर बोट ठेवते. मात्र पायथनच्या आवृत्त्यांच्या यादीत ३.१० हा आकडा अवतरणचिन्हांविना लिहिला, तर तो दशांश संख्या म्हणून वाचला जातो, शेवटचे शून्य गळते आणि ३.१ उरते. व्याकरणदृष्ट्या त्यात काहीच चुकलेले नसल्याने यॅमललिंट गप्प राहते.

त्यापुढचा प्रश्न असतो तो नावांचा. 'स्क्रिप्ट' या कीचे स्पेलिंग चुकले तर यॅमल म्हणून फाइल निर्दोषच राहते. अशा वेळी स्कीमाशी, म्हणजे कोणती नावे कुठे चालतात त्या आराखड्याशी, ताडून पाहणारे साधन लागते. चेक-जेसनस्कीमा या पायथनमधील साधनात गिटहब, गिटलॅब, अझूर पाइपलाइन्स यांसारख्या सेवांचे स्कीमा आधीच भरलेले आहेत, त्यामुळे नेटवर्कविनाही ते काही क्षणांत उत्तर देते. पण स्कीमाला फक्त रचना कळते. जॉब ज्या दुसऱ्या जॉबवर अवलंबून आहे, त्या नावाचा जॉब फाइलमध्ये खरोखर आहे का, हे त्याला ठाऊक नसते.

गिटहब अ‍ॅक्शन्ससाठी ही उणीव अ‍ॅक्शनलिंट हे स्वतंत्र, मुक्त स्रोत साधन भरून काढते. वर्कफ्लोमधील (तिथल्या पाइपलाइनच्या फाइलमधील) जॉबचे परस्परावलंबन, दुहेरी महिरपी कंसांत लिहिलेल्या अभिव्यक्तींचे प्रकार आणि मॅट्रिक्समधील (एकच जॉब अनेक मूल्यांसह चालवण्याच्या यादीतील) नावे हे सगळे ते तपासते. सुरक्षेच्या दृष्टीने त्याची एक तपासणी मला विशेष मोलाची वाटते. पुल रिक्वेस्टचे (बदल स्वीकारण्याच्या विनंतीचे) शीर्षक थेट शेलच्या (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळीत बसवले, तर बाहेरची कोणतीही व्यक्ती शीर्षकातच आज्ञा लिहून ती आपल्या रनरवर चालवू शकते. अ‍ॅक्शनलिंट ही जागा दाखवून देते. तिथे ते मूल्य आधी एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये घ्यावे आणि शेलमध्ये तो व्हेरिएबल अवतरणचिन्हांत वापरावा. अशी त्रुटी पाइपलाइन हिरवी असतानाही तिथेच असते, त्यामुळे पुश करून पाहण्याच्या पद्धतीने ती सापडण्याची शक्यताच नाही.

जेनकिन्स या सीआय सर्व्हरमध्ये डिक्लरेटिव्ह-लिंटर ही आज्ञा जेनकिन्सफाइल (त्याची पाइपलाइनची फाइल) सर्व्हरकडे पाठवून तपासून घेते. एसएसएच किंवा एचटीटीपी, दोन्ही मार्गांनी ती वापरता येते. नावाप्रमाणे ती डिक्लरेटिव्ह (ठरावीक रचनेत लिहिलेल्या) पाइपलाइनपुरतीच आहे. स्क्रिप्टेड पाइपलाइन हा ग्रूव्ही भाषेतला पूर्ण प्रोग्रामच असल्याने तिला या आज्ञेचा उपयोग नाही. सर्कलसीआयच्या कमांड लाइन साधनात 'कॉन्फिग व्हॅलिडेट' आणि 'कॉन्फिग प्रोसेस' अशा दोन आज्ञा आहेत. बहुतेक जण पहिलीवर थांबतात. ऑर्ब (पुन्हा वापरता येणारे तयार कॉन्फिगरेशन), एक्झिक्युटर (जॉब कोणत्या वातावरणात चालवायचा ते) आणि पॅरामीटर उलगडून अंतिम फाइल छापणारी आज्ञा दुसरी आहे, आणि बाहेरच्या ऑर्बची आवृत्ती बदलताना नेमके काय बदलले हे तीच सांगू शकते.

आता गिटलॅबकडे जरा सावकाशीने पाहू, कारण मोठ्या संस्थांमध्ये एकाच मध्यवर्ती साच्यातून अनेक प्रकल्पांच्या पाइपलाइन उभ्या करण्याची पद्धत तिथे चांगलीच रुजली आहे आणि आजचा प्रश्न तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

गिटलॅबच्या ग्लॅब या अधिकृत कमांड लाइन साधनात 'सीआय लिंट' ही आज्ञा आहे. ती फाइलमधला मजकूर सर्व्हरच्या लिंट एपीआयकडे (प्रोग्रामने विचारता येणाऱ्या तपासणी सोयीकडे) पाठवते. तिला 'ड्राय-रन' हा पर्याय जोडला की सर्व्हर पाइपलाइन तयार करण्याची रंगीत तालीम करतो, म्हणजे अटी तपासून पाहतो. आणि 'इन्क्लूड-जॉब्स' हा पर्याय जोडला तर जॉबची यादीही मिळते. एक उदाहरण घेऊ. मध्यवर्ती साच्यात सुरक्षा-तपासणीचा एक जॉब आहे. त्याच्या 'रूल्स' या यादीत दोन अटी आहेत: मर्ज रिक्वेस्ट (गिटलॅबमधली पुल रिक्वेस्ट) आली की चालायचे आणि मुख्य ब्रांचवर पुश झाला की चालायचे. प्रकल्पातल्या एका विकसकाला हा जॉब टॅग (कमिटला दिलेले आवृत्तीचे नाव) लावल्यावरही चालायला हवा आहे. तो आपल्या फाइलमध्ये 'एक्स्टेंड्स' वापरून साच्याचा वारसा घेतो आणि 'रूल्स'खाली टॅगची एक अट लिहितो. त्याची समजूत अशी असते की साच्यातल्या दोन अटी आणि आपली एक अशा तीन अटी होतील. गिटलॅबचा नियम मात्र असा आहे की वारसा घेताना नाव-मूल्यांच्या जोड्या एकमेकींत मिसळतात, पण याद्या मिसळत नाहीत; नवी यादी जुनीची जागा घेते. त्यामुळे 'व्हेरिएबल्स' मिसळतात आणि 'रूल्स' व 'स्क्रिप्ट' पुसले जाऊन नव्याने लिहिले जातात. म्हणजे या बदलानंतर सुरक्षा-तपासणी फक्त टॅगवर चालेल. मर्ज रिक्वेस्टवर आणि मुख्य ब्रांचवर ती कायमची थांबेल.

यॅमललिंटच्या दृष्टीने ही फाइल शुद्ध आहे, स्कीमाच्या दृष्टीने योग्य आहे, सर्व्हरचा लिंटही तिला वैध म्हणतो, आणि त्या सर्वांचे म्हणणे खरेच आहे. पुश केल्यावर पाइपलाइन हिरवी होते, कारण जो जॉब तयारच झाला नाही तो अयशस्वी कसा होणार? कोड रिव्ह्यूमध्ये पाहणाऱ्याला एक अट वाढलेली दिसते. गळलेल्या दोन अटी दिसत नाहीत, कारण त्या दुसऱ्याच रिपॉझिटरीत लिहिलेल्या आहेत. त्या दिसतात त्या फक्त उलगडलेल्या स्वरूपात. ग्लॅबमधील 'सीआय कॉन्फिग कंपाइल' ही आज्ञा हे स्वरूप छापते. 'गिट वर्कट्री' वापरून मुख्य ब्रांच शेजारच्या फोल्डरमध्ये उघडावी, दोन्ही ठिकाणी ही आज्ञा चालवून निकाल दोन फाइलींत साठवावेत आणि त्यांच्यावर 'डिफ' (दोन फाइलींतला फरक दाखवणारा प्रोग्राम) चालवावा. आपल्या उदाहरणात एक अट वाढली आणि दोन गेल्या, हे त्या डिफमध्ये लगेच नजरेत भरते. बदल करणाऱ्याने हा डिफ मर्ज रिक्वेस्टच्या वर्णनात चिकटवावा, असा आग्रह मी प्रत्येक संघाकडे धरतो.

येथे एक गोष्ट जपावी लागते. लिंट एपीआयकडे जातो तो एका फाइलचा मजकूर. त्या फाइलने 'इन्क्लूड लोकल' लिहून त्याच रिपॉझिटरीतली दुसरी फाइल ओढली असेल, तर सर्व्हर ती आपल्याकडच्या रिपॉझिटरीतून वाचतो. आपल्या डिस्कवरचा, अजून पुश न झालेला बदल त्याला दिसत नाही. दोन्ही फाइली एकाच वेळी बदलल्या असतील तर मुख्य फाइल नवी आणि समाविष्ट फाइल जुनी अशा जोडीची तपासणी होते, आणि तिचा निकाल बरा आला काय किंवा वाईट आला काय, तो आपल्या बदलाचा निकाल नसतो. अशा वेळी गिटलॅब-सीआय-लोकल हे स्वतंत्र साधन उपयोगी पडते. ते स्थानिक समावेश डिस्कवरून वाचते, 'प्रिव्ह्यू' या पर्यायाने उलगडलेले स्वरूप छापते आणि 'लिस्ट' या पर्यायाने जॉबची यादी देते. मात्र गिटलॅबचे नियम त्यात नव्याने लिहिलेले आहेत, ते मूळ सर्व्हरचा कोड वापरत नाही. म्हणून अगदी नव्या सोयींच्या बाबतीत त्याच्या निकालावर पूर्ण भिस्त ठेवू नये.

अंतिम स्वरूप बरोबर असले तरी त्याच्या आत शेलच्या ओळी असतात, आणि यॅमलच्या साधनांसाठी त्या केवळ अक्षरांची माळ असतात. त्यांच्यासाठी शेलचेक हे शेलच्या ओळी तपासणारे साधन वापरावे. अ‍ॅक्शनलिंट 'रन'खालचा मजकूर वेगळा काढून शेलचेककडे आपणहून सोपवते, फक्त शेलचेक आपल्या मशीनवर बसवलेले असावे लागते. गिटहबच्या लिनक्स रनरवर आणखी एक बारकावा आहे. 'शेल' ही की लिहिलीच नाही तर बॅश (लिनक्सवरचा प्रचलित शेल) 'पाइपफेल' या, पाइपने जोडलेल्या आज्ञांपैकी एक चुकली तरी ओळ अयशस्वी ठरवणाऱ्या, पर्यायाविना चालते. 'शेल' म्हणून 'बॅश' असे स्पष्ट लिहिले तर तो पर्याय लागू होतो. याचा परिणाम असा की चाचण्यांचा निकाल पाइपमधून 'टी' या आज्ञेकडे देऊन फाइलमध्ये साठवणारी ओळ, चाचण्या अयशस्वी झाल्या तरी यशस्वी ठरते. मॅकवर काम करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की तिथली 'सेड' ही मजकूर बदलणारी आज्ञा बीएसडी परंपरेतली आहे आणि रनरवरची जीएनयू परंपरेतली. 'सेड'चा 'आय' हा पर्याय दोन्हीकडे वेगळा वागतो. जॉब प्रत्यक्ष चालवून पाहायचा असेल तर गिटहबसाठी 'अ‍ॅक्ट' आणि सर्कलसीआयसाठी 'लोकल एक्झिक्यूट' ही आज्ञा डॉकरच्या कंटेनरमध्ये (वेगळ्या, बंदिस्त वातावरणात) तो चालवते. सर्कलसीआयची आज्ञा एका वेळी एकच जॉब चालवते, संपूर्ण वर्कफ्लो नाही.

हे सगळे लक्षात ठेवून हाताने करणे दीर्घकाळ जमत नाही, म्हणून ते गिटच्या प्री-कमिट हुकमध्ये (कमिटच्या आधी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) बसवावे. हुकने शून्याखेरीज दुसरा एक्झिट कोड दिला की कमिट थांबते. स्वतः हुक लिहिणाऱ्यांकडून येथे एक गोष्ट हमखास निसटते: तपासायला हवा तो स्टेज केलेला (कमिटसाठी निवडलेला) मजकूर, आणि हुक वाचतो तो डिस्कवरचा. अर्धाच बदल स्टेज केला असेल तर हे दोन्ही वेगळे असतात. 'गिट शो' या आज्ञेला फाइलच्या नावाआधी कोलन (:) देऊन स्टेज केलेला मजकूर मिळवता येतो. प्री-कमिट नावाची जी प्रचलित चौकट आहे ती स्टेज न केलेले बदल तात्पुरते बाजूला ठेवून हेच साधते. यॅमललिंट, स्कीमा आणि शेलचेक ही झटपट होणारी कामे कमिटच्या वेळी करावीत. सर्व्हरला विचारणारी लिंट पुशच्या वेळच्या हुकमध्ये ठेवावी, म्हणजे नेटवर्क नसतानाही कमिट अडत नाही. 'नो-व्हेरिफाय' हा पर्याय देऊन कोणीही हुक ओलांडू शकतो, शिवाय गिटच्या अंतर्गत फोल्डरमधले हुक क्लोनबरोबर येत नाहीत. तेव्हा हीच तपासणी पाइपलाइनच्या पहिल्या टप्प्यातही असली पाहिजे.

डिप्लॉयमेंटचे जॉब मात्र यांतल्या कोणत्याच साधनाने पूर्ण तपासून होत नाहीत. गिटलॅबमध्ये संरक्षित व्हेरिएबल फक्त संरक्षित ब्रांचवर आणि टॅगवर उपलब्ध असतात; गिटहबमध्ये फोर्कवरून (बाहेरच्याने घेतलेल्या रिपॉझिटरीच्या प्रतीवरून) आलेल्या पुल रिक्वेस्टला गुपिते मिळत नाहीत. हे निर्बंध योग्यच आहेत आणि तपासणीच्या सोयीसाठी ते सैल करू नयेत. त्याऐवजी डिप्लॉयमेंटचे तर्क यॅमलमधून काढून रिपॉझिटरीतल्या स्वतंत्र स्क्रिप्टमध्ये न्यावेत आणि यॅमलमध्ये ती स्क्रिप्ट बोलावणारी एकच ओळ ठेवावी. मग ती स्क्रिप्ट टर्मिनलवरून चाचणीच्या सर्व्हरवर, चाचणीपुरत्या टोकनने चालवता येते. तिच्या आत कुबर्नेटिस (कंटेनर चालवणारी प्रणाली) असेल तर 'क्यूबकंट्रोल अप्लाय'ला सर्व्हरच्या बाजूचा ड्राय-रन आहे, टेराफॉर्म (सर्व्हर वगैरे यंत्रणा उभ्या करणारे साधन) असेल तर 'प्लॅन' ही आज्ञा आहे, आणि या दोन्ही आज्ञा प्रत्यक्ष काही न बदलता काय बदलेल ते छापून देतात.