एक वाफा चार्डसाठी

नमस्कार श्रोतेहो. नवरात्र सरलं, परतीचा पाऊस ओसरला, की सोलापुरात पालेभाजी पेरायचे दिवस येतात. मेथी-पालक आपण लावतोच. यंदा शेजारी एक वाफा स्विस चार्डला द्या. हे बीटाचंच भावंड, पण खाण्याजोगा कंद धरत नाही. सगळा जोर पानांत आणि जाड, रसरशीत देठांत. पालक दोन-तीन कापण्यांत संपतो, चार्डचं झाड मात्र थंडीभर पानं देत राहतं. चौघांच्या घराला दहा-बारा झाडं पुरतात.

पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत करा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून सपाट वाफ्यात नको, गादीवाफ्यावरच पेरा. कुंडीत लावायचं तर ती फूटभर खोल हवी. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, थोडी वाळू.

आता बियाणं हातात घेऊन नीट पाहा. खडबडीत, सुरकुतलेला तो दाणा म्हणजे एक बी नव्हे, दोन-चार बियांचा गुच्छ आहे. रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी एक ते दीड सेंटीमीटर खोल टोका. आठवडा-दहा दिवसांत एकाच जागी तीन-तीन रोपं वर येतील. इथंच बहुतेकांचा हात थांबतो, रोपं काढायचा जीव होत नाही. पण विरळणी टाळली तर मुळं एकमेकांत गुंततात, देठ काडीसारखे राहतात. रोपं बोटभर झाली की सगळ्यात जोमदार ठेवून बाकीची कात्रीनं कापा. उपटू नका, शेजारचं मूळ हलतं. दोन झाडांत अंतर वीत-सव्वा वीत. कापलेली कोवळी रोपं कोशिंबिरीत घाला.

पाणी सकाळी, बुंध्याशी. पानं ओली राहिली तर करडे, लालसर कडेचे टिपके पडतात. बुडख्याशी उसाचं पाचट पसरलं की ओल टिकते. युरिया सढळ हातानं टाकू नका. पानं लुसलुशीत होतात आणि मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, धावून येतो. त्यावर पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. पानावर फिकट वेडेवाकडे पट्टे दिसले तर ती नागअळी. ती पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये असते, वरची फवारणी तिला फारशी पोचत नाही. पान तोडून नष्ट करा.

दोन महिन्यांत तोडणी सुरू. बाहेरची पानं बुडाशी धरून बाजूला मोडा. मधली चार-पाच कधीच तोडू नका. मार्चच्या उन्हात पान राठ, कडवट होतं. सावलीची जाळी धरली तर थोडे दिवस वाढतात, एवढंच.

स्वयंपाकात देठ आणि पान वेगळं शिजवा. तेलात जिरं, सहा-सात लसूण पाकळ्या, हिरवी मिरची. आधी बारीक चिरलेले देठ पाच मिनिटं, मग पानं तीन मिनिटं. मीठ शेवटी आणि बेतानं, कारण भाजी आटून मूठभर होते आणि तिच्यात मुळातच खारटपणा असतो. वरून दोन चमचे शेंगदाण्याचा कूट, सोबत ज्वारीची कडक भाकरी. यात ऑक्झॅलेट, म्हणजे मुतखडा व्हायला हातभार लावणारा घटक, भरपूर, म्हणून मुतखड्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच खा; पानं उकळून पाणी ओतून दिलं की ते बरंच कमी होतं. रक्त पातळ होण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनीही आधी विचारावं, कारण जीवनसत्त्व के यात फार असतं.