खत शेतीच्या दुकानातलं, खाद्य डब्यातलं

(सांगलीतल्या फिश टँकप्रेमींसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, टँक ठेवणाऱ्याचा पैसा सतत दोन गोष्टींवर जातो: माशांचं खाद्य आणि पाण्यातल्या झाडांचं खत. यातलं घरी काय करावं आणि विकत काय आणावं, हे मला नेहमी विचारतात. माझं मत ठाम आहे. खत घरी कालवा, रोजचं खाद्य मात्र विकत घ्या. घराघरांत मी बघतो ते नेमकं उलटं. खताची महागडी बाटली दुकानातून येते आणि माशांच्या वाट्याला चिरमुरे, बिस्किटं, कणकेच्या गोळ्या येतात.

आधी खताचं बोलू, कारण या बाबतीत सांगली, मिरज, तासगावची माणसं नशीबवान आहेत. झाडांना लागतं नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि लोहासारखी अगदी थोडी सूक्ष्म अन्नद्रव्यं. बाटलीत हेच क्षार पाण्यात विरघळवलेले असतात. आणि हेच क्षार आपल्या द्राक्षबागांच्या ठिबकमधून वाहत असतात! पुडीवरचे तीन आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के, याच क्रमानं. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ००:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, ००:००:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट. कृषी सेवा केंद्रात जा, पूर्ण विद्राव्य ग्रेड मागा. नायट्रेट बाटलीतून आलं की पुडीतून, झाडाला दोन्ही सारखंच.

१०० लिटर पाण्यात १ ग्रॅम १३:००:४५ घातलं की लिटरमागे साधारण ५.८ मिलिग्रॅम नायट्रेट आणि ३.७ मिलिग्रॅम पोटॅशियम वाढतं. दाट झाडांच्या टँकला आठवड्यातून एकदा-दोनदा एवढं पुरतं. ००:५२:३४ याच्या दशांशच घ्यायचं, ०.१ ग्रॅमनं लिटरमागे ०.७ मिलिग्रॅम फॉस्फेट येतं. इतकं बारीक वजन घरच्या काट्यावर होत नाही. म्हणून १० ग्रॅम पूड पाण्यात विरघळवून अर्धा लिटर द्रावण करा, त्यातल्या ५ मिलिलिटरमध्ये नेमकं ०.१ ग्रॅम येतं. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच टँकमध्ये ५६ लिटर मावतात, खडी आणि माती धरली तर त्याहून कमी. त्या मानानं डोस उतरवा.

आता जे घालायचं नाही ते. शेतकरी ज्यांना ‘बारा एकसष्ट’ आणि ‘एकोणीस एकोणीस’ म्हणतात ती खतं बागेला उत्तम, पण टँकपासून लांब ठेवा. १२:६१:०० मधलं सगळं नत्र अमोनियमच्या रूपात असतं, १९:१९:१९ मध्ये अमोनियम आणि युरिया असतो. पाण्याचा सामू (पीएच) जितका वर आणि पाणी जितकं गरम, तितका अमोनियमचा जास्त भाग विषारी अमोनियात बदलतो आणि माशांचे कल्ले जाळतो. आपला एप्रिल-मे आठवा, म्हणजे धोका लक्षात येईल.

दुसरी भीती तांब्याची. बागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणाचा मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, ज्या बादलीत कालवला, ती बादली टँकचं पाणी बदलायला कधीही वापरू नका. टँकमधली चेरी श्रिंप, म्हणजे छोटी कोळंबी, आणि गोगलगायी तांब्याच्या अगदी थोड्या अंशानंही मरतात. फवारणीच्या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणातही तांबं असतं, तेव्हा लेबल वाचूनच घ्या. लोहासाठी हिराकस (फेरस सल्फेट) चालत नाही, ते पाण्यात गंजून तळाला बसतं. चिलेटेड लोहच हवं, म्हणजे दुसऱ्या रेणूनं धरून ठेवलेलं, पाण्यात विरघळलेलं राहणारं लोह. ईडीटीए आणि डीटीपीए हे असे धरून ठेवणारे दोन रेणू; पाण्याचा सामू ७ च्या वर असेल तर ईडीटीएपेक्षा डीटीपीएचं लोह जास्त टिकतं.

खाद्याचं गणित इतकं सरळ नाही. क्षार मोजता येतो. माशाला लागणारी जीवनसत्त्वं, मेदाम्लं आणि प्रथिनं स्वयंपाकघरात मोजून जुळवता येत नाहीत. एक क जीवनसत्त्वच घ्या. बहुतेक माशांना ते स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही. ते कमी पडलं की वाढत्या पिल्लांचा कणा वाकडा होतो आणि तो पुन्हा सरळ होत नाही. आपण शिजवतो तेव्हा उष्णतेनं ते नष्ट होतं. चांगल्या खाद्यात ते टिकाऊ रूपात घातलेलं असतं. घरी हे कसं करणार? आणि चिरमुऱ्यांबद्दल कळकळीनं सांगतो, गोल्डफिशला जठरच नसतं. नुसत्या पिष्टानं त्याचं पोषण होत नाही आणि उरलेलं पाण्यात कुजतं. फायटर तर मुळात किडे आणि अळ्या खाणारा मासा.

डबा लहान घ्या. उघडल्यावर खाद्यातली चरबी हवेनं खवट होत जाते, म्हणून स्वस्त पडतो म्हणून घेतलेला मोठा डबा शेवटी महागच पडतो. सुटं, पिशवीत भरून दिलेलं खाद्य कधीचं आहे ते कळत नाही. मी ते घेत नाही.

घरचं खाद्य जोडीला जरूर द्या, आठवड्यातून एखाद-दोन वेळा. सालं काढलेले उकडलेले वाटाणे, वाफवलेला पालक आणि कोळंबी बारीक वाटून घ्या, चायना ग्रासच्या कोमट द्रावणात कालवा, पातळ थापून फ्रीझरमध्ये ठेवा. जिलेटिन नको, ते आपल्या उन्हाळ्यातल्या पाण्यात सैल पडून विरतं; चायना ग्रास घट्ट राहतं. गटारातून काढलेला ट्युबिफेक्स (माशांना घालतात ते बारीक लाल किडे) मात्र रोग घेऊन येतो.

आणि मंडळी, खाद्य हेही खतच आहे, हे फार कमी जण धरतात. प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असतं. ४० टक्के प्रथिनांच्या १ ग्रॅम खाद्यात ६४ मिलिग्रॅम नत्र आलं. ते सगळं पाण्यात उतरलं असं धरलं, तर शेवटी २८० मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रेट तयार होतं. म्हणजे २ ग्रॅम खाद्य घातलं की जवळपास १ ग्रॅम १३:००:४५ घातल्यासारखं झालं, आणि तेही आधी अमोनिया होऊन. म्हणून ज्यांच्या टँकमध्ये मासे भरपूर आहेत त्यांनी नायट्रेट आणि फॉस्फेट घालण्याआधी टेस्ट किटनं पाणी तपासा. खाद्यातून पालाश फारसा मिळत नाही, त्यामुळे अशा टँकला बहुतेक वेळा नुसतं ००:००:५० आणि थोडं लोह पुरतं.