लंडन ते पॅरिस : अंतर किती आणि वेळ किती?

श्रोतेहो, नमस्कार. लंडन आणि पॅरिस या दोन शहरांमधले सरळ रेषेतले अंतर सुमारे ३४४ किलोमीटर आहे आणि हीथ्रोहून पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर जाणाऱ्या विमानाला वेळापत्रकात साधारण सव्वा तास दिलेला असतो. विमान ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास वेग गाठू शकते. साध्या त्रैराशिकाने हे अंतर अर्ध्या तासात संपायला हवे. मग उरलेला पाऊण तास जातो कुठे?

त्याचे उत्तर विमानाच्या चाकांपाशी आहे. उभ्या विमानाच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावलेले असतात. आपल्याकडे घाटात थांबलेल्या ट्रकच्या चाकाखाली दगडाची उटी लावतात, तोच हा प्रकार. ते ठोकळे निघून विमान जागचे हलले की वेळापत्रकातला वेळ सुरू होतो आणि दुसऱ्या विमानतळावर विमान जागेवर येऊन पुन्हा ठोकळे लागले की तो संपतो. धावपट्टीकडे रांगेत सरकत जाणे, उतरण्यापूर्वी आकाशात आपली पाळी येण्याची वाट पाहणे, हे सारे त्या सव्वा तासातच धरलेले असते. शिवाय इतक्या छोट्या पल्ल्यात विमान उंचीवर जाऊन स्थिरावते न स्थिरावते तोच त्याला खाली यायला लागावे लागते.

तिकिटावरच्या वेळा वाचताना तर विशेष सावध राहावे, कारण पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असते. सकाळी दहाला लंडनहून निघालेले विमान पॅरिसला सव्वाबाराला पोहोचते, तर दहाला पॅरिसहून निघालेले लंडनला सव्वादहालाच उतरते. नुसती वजाबाकी केली तर जाताना सव्वादोन तास आणि येताना पंधरा मिनिटे, असा विलक्षण हिशेब निघतो.

या मार्गाचा इतिहासही मोठा आहे. २५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडनजवळच्या हाउन्स्लो हीथवरून पॅरिसजवळच्या ल बुर्जेला रोजची नियमित विमानसेवा सुरू झाली. पहिल्या विमानात एकच प्रवासी होता, सोबत थोडा माल होता आणि प्रवासाला सुमारे अडीच तास लागले.

आज लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकातून निघालेली युरोस्टार रेल्वे त्याहून कमी वेळात, म्हणजे साधारण सव्वादोन तासांत पॅरिसच्या गार द्यु नोर स्थानकात पोहोचते. वाटेत ती १९९४ साली खुल्या झालेल्या, पन्नास किलोमीटरहून थोड्या अधिक लांबीच्या बोगद्यातून जाते आणि त्यातले सुमारे ३८ किलोमीटर समुद्रतळाखाली आहेत. दोन्ही विमानतळ शहरांच्या मध्यापासून वीस किलोमीटरहून अधिक दूर आहेत, तेथे बरेच आधी पोहोचावेही लागते. घरापासून घरापर्यंतचा वेळ मोजला, तर माझ्या मते या मार्गावर रेल्वेच सरस ठरते.

आपल्या श्रोत्यांपैकी कोणी भारतीय पासपोर्टवर हा प्रवास करणार असेल, तर ब्रिटनचा व्हिसा फ्रान्समध्ये चालत नाही. तेथे शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. रेल्वेने जाताना फ्रान्सचे अधिकारी तो लंडनच्या स्थानकातच, गाडीत चढण्यापूर्वी तपासतात. त्यामुळे पॅरिसला उतरलेला प्रवासी फलाटावरून थेट रस्त्यावर येतो.